फ्लॉपीतली बोटं

श्रीकांत पागनीस ‘थकलोय हो’ म्हणाले की समजायचं, माणूस येणार.

नव्या माणसाला हे ठाऊक नसायचं. गणपतीच्या आधी कुठल्यातरी मंडळाचा सेक्रेटरी त्यांच्या इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या घरी यायचा, प्रोग्रामचा दिवस सांगायचा, आणि पागनीसजी खुर्चीत आणखी थोडे खाली घसरून म्हणायचे, “थकलोय हो. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी बाजा. माणूस आहे का टट्टू?” सेक्रेटरी तोंड पाडून निघायचा. मग फाटकापाशी त्याला गाठून समजावणं माझं काम. “भिया, बिनधास्त पोस्टर छापून टाका. ते येऊन राहिलेत.”

आणि ते यायचे. सगळ्यांच्या आधी यायचे. स्टेजवर अजून सतरंजी घातलेली नसायची, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक उंच, वाळका, खांद्यातून वाकलेला माणूस डोळे अर्धे मिटून बसलेला असायचा. पहिलं गाणं सुरू व्हायच्या क्षणी ते एक जांभई द्यायचे. साधी नाही, जबडा पार खाली, डोळ्यांत पाणी. पुढच्या रांगेतली माणसं हसायची. मग त्यांचे दोन्ही हात कीबोर्डवर उतरायचे आणि हसणं थांबायचं. त्या हातांना झोप माहीत नव्हती. बाकीच्या देहाचा आणि त्या हातांचा काही संबंध आहे असं वाटायचंच नाही.

पागनीस म्हणजे एकेकाळी होळकरांच्या पागेवरची माणसं. लालबागवरून आमचा टेम्पो गेला की ते हमखास महालाच्या फाटकाकडे बोट दाखवायचे. “आमचे खापरपणजोबा इथे घोडे फिरवायचे, मास्तर. घोडे सरकारजमा झाले. थकवा तेवढा आमच्याकडे राहिला.”

मला ते मास्तर म्हणायचे, कारण मी शाळेत हिंदी शिकवायचो. सुट्टीच्या दिवशी आणि सणावारी मी ऑर्केस्ट्राचा अनाउन्सर. ऑर्केस्ट्राचं नाव दर एक-दोन वर्षांनी बदलायचं, माणसं तीच असायची. खरं तर माणसं कमीच होत गेली, आणि त्याचं कारण पागनीसजींचा कीबोर्ड. मुंबईच्या कुणा कलाकाराकडून त्यांनी तो वापरलेला घेतला होता. त्याच्या एका कडेला फटीसारखं तोंड होतं आणि त्यात फ्लॉपी जायची. त्यांच्या ऑफिसात तेव्हा एकच कॉम्प्युटर होता आणि त्यावरही कापड घातलेलं असायचं. इकडे हा माणूस घरी बसून आधी ठेका वाजवून भरून ठेवायचा, मग त्यावर बेस, मग त्यावर व्हायोलिनं, आणि स्टेजवर ते सगळं मागे चालू करून पुढची धून हाताने वाजवायचा. पाच माणसांचा ऑर्केस्ट्रा पंधरा माणसांसारखा वाजायचा. घरी भरायचं काम पहाटे चालायचं, कारण दिवसाचा बाकी एकही तास त्यांचा नव्हता. कानाला हेडफोन, शेजारी चहा, आणि स्वयंपाकघरात सुमनवहिनींच्या पोळ्या. वहिनींना फक्त कळांचा टकटक आवाज ऐकू यायचा. “लग्नाला इतकी वर्षं झाली,” त्या म्हणायच्या, “पण हे घरी काय वाजवतात ते मी अजून ऐकलेलं नाही. टायपिस्टशी लग्न केल्यासारखं वाटतं.”

फ्लॉप्या ठेवायला त्यांनी वहिनींचा करंज्यांचा स्टीलचा डबा उचलला होता. दर दिवाळीला भांडण ठरलेलं. “करंज्या कशात ठेवू? तुमच्या गाण्यांत?” पागनीसजी म्हणायचे, “ताटात ठेव. अशाही उरत नाहीत.” प्रोग्रामला तो डबा मांडीवर असायचा. एकदा एका मंडळाच्या अध्यक्षांनी तो उचलून आदराने मोठ्या स्पीकरवर ठेवला. पागनीसजी इतक्या झटक्याने उठलेले मी कधी पाहिले नव्हते. “अहो, स्पीकरमध्ये चुंबक असतं! सगळं पुसलं जाईल!” अध्यक्षांना वाटलं, डब्यात प्रसाद आहे. ते हात जोडत राहिले.

फ्लॉपी लोड व्हायला वेळ लागायचा. कीबोर्डच्या पोटातून कुर्रकुर्र आवाज यायचा आणि पागनीसजी मान न वळवता मला म्हणायचे, “बोलत राहा.” माझं निवेदन चांगलं होतं असं लोक म्हणतात. त्यातलं अर्धं त्या कुर्रकुर्रमुळे होतं.

मानपुरचा प्रोग्राम मला विसरता येत नाही. आग्रा-मुंबई रोडवर ट्रान्सपोर्टवाल्यांनी गणपती बसवला होता. समोर ड्रायव्हर, क्लीनर, ढाब्यांवरची माणसं. सगळे नाचायच्या तयारीत. तिसऱ्याच गाण्यात वीज गेली. जनरेटर सुरू झाला तेव्हा कीबोर्ड कोरा. पागनीसजींनी फ्लॉपी घातली. “बोलत राहा.”

मी बोललो. चुटके सांगितले, वर्गणी देणाऱ्यांचे आभार मानले, मानपुरच्या सीताफळांची तारीफ केली, ती संपल्यावर ड्रायव्हर लोकांच्या आयांची तारीफ केली. कुर्रकुर्र चालूच. मग ती थांबली आणि एक वेगळाच घासल्यासारखा आवाज आला. पागनीसजींनी फ्लॉपी काढली, शर्टाला पुसली, परत घातली. परत तोच आवाज. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“मास्तर, मेली ती. हिची जुळी नक्कल केलेली नाही. त्यांना सांगा, आता नुसता वाजवतो.”

ठेका नाही, बेस नाही, काही नाही. नुसते दोन हात आणि आमची गायिका. मी घाबरलो होतो. ही पब्लिक खुर्च्या फेकणारी होती. पण पागनीसजींनी गाण्याची गती उतरवली, इतकी की मला ते गाणं आधी ओळखूच आलं नाही. हळूहळू मागची माणसं पुढे येऊन जमिनीवर बसली. एक जाडजूड सरदारजी ट्रकच्या पायरीवर बसून दोन्ही हातांनी तोंड पुसत होता.

येताना टेम्पोत पागनीसजी नेहमी बसल्या-बसल्या झोपायचे. त्या दिवशी जागे होते. मी म्हटलं, “आज तर कमाल झाली.”

“त्या फ्लॉपीत चार महिन्यांचं काम होतं,” ते म्हणाले.

“पण आज जे वाजवलंत...”

“आजचं कुठे राहणार आहे, मास्तर? ते तर मानपुरलाच सुटलं. फ्लॉपीतलं राहिलं असतं.”

त्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक फ्लॉपीची जुळी फ्लॉपी केली. डबा पुरेना, म्हणून वहिनींचा दुसरा डबाही गेला.

मग डीजे आले. कुणी आम्हाला नको म्हटलं नाही, फक्त बोलवायचे थांबले. पागनीसजी रिटायर झाले. कीबोर्डमधला फ्लॉपी फिरवणारा पट्टा तुटला, तो कुठे मिळाला नाही. मग एक-एक कळ मुकी होत गेली, आणि तो सामानाच्या खोलीत जुन्या चादरीखाली गेला. मी विचारलं, नवीन घेणार का? “आता कुणासाठी?” ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. ते खरोखरच दमले होते, आणि पहिल्यांदाच त्यांना झोपायला वेळ मिळत होता.

एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून रेझर पडला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आले ते दिवाणावर भिंतीला टेकून बसायला. उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा, दुसऱ्या कुणाचा तिथे विसरून राहिल्यासारखा. बोलणं एका-एका शब्दावर आलं होतं. ‘थकलोय’ हा शब्द मात्र त्यांनी टाकून दिला. मुलगी, मधुरा, पुण्याची नोकरी घरून करायला लागली आणि परत इंदूरला आली. जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप, शेजारी औषधं. दिवसभर मीटिंगा, मधून-मधून वडिलांना उठवणं, बसवणं, व्यायाम. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. घरात तीन माणसं आणि तिघंही थकलेली. मी संध्याकाळी जाऊन बसायचो आणि शहरातल्या बातम्या सांगायचो. ते ऐकायचे की नाही, देव जाणे.

दिवाळीच्या सफाईत वहिनींनी डबे काढले. झाकण उघडलं तर आत फ्लॉप्या. “आता तरी करंज्यांचा डबा मला मिळू द्या,” त्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. पागनीसजींनी डावा हात पुढे केला. डबा मांडीवर घेतला आणि त्यावर बोटं वाजवली. मधुराकडे पाहिलं.

“काढ,” ते म्हणाले.

“काय काढू बाबा? यातून बाहेर काढू?”

त्यांनी मान डोलावली.

पहिल्यांदा आम्ही तिघं जेल रोडच्या दुकानात गेलो. तिथे मोबाइलपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं दुरुस्त होतं. पागनीसजी रिक्षातच बसले. दुकानदाराने फ्लॉपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि रिक्षापर्यंत येऊन समजुतीच्या स्वरात म्हणाला, “बाबूजी, रहने दो. इसमें जितना आता है, उतने में तो आज एक ढंग की फोटो नहीं आती.”

पागनीसजींनी जीभ सावरत सांगितलं, “फोटो... नहीं... चाहिए.”

मग मधुराने बाहेरून जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. तळहाताएवढं काळं डबडं, लॅपटॉपला वायरीने लावायचं. रविवारची दुपार होती. तिने पहिली फ्लॉपी आत सारली. तोच जुना कुर्रकुर्र आवाज त्या जेवणाच्या टेबलावर आला आणि पागनीसजी ताठ बसले. मग पडद्यावर एक चौकट उमटली. ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? मधुरा आठवडाभराच्या कामाने मोडून गेली होती. दिवसभरात अशा पन्नास चौकटींना ती ‘हो’ म्हणत असेल. तिचं बोट निघालं.

“नको!”

इतका स्वच्छ, खणखणीत शब्द. सुमनवहिनी हातातली परात घेऊन बाहेर आल्या. लकवा झाल्यापासून त्या आवाजात कुणी काही ऐकलं नव्हतं. मधुराचं बोट हवेत राहिलं. ‘हो’ म्हटलं असतं तर ती फ्लॉपी पुसून कोरी झाली असती.

त्यानंतर पागनीसजींनी काम आपल्या हातात घेतलं. एका हातात. प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक इवलीशी खिडकी असते. तिच्यावरची पट्टी सरकवून ती उघडी केली की त्या फ्लॉपीवर कुणाला काही लिहिता येत नाही, पुसता येत नाही. ते डाव्या अंगठ्याने ती पट्टी सरकवायचे, उजेडात धरून खिडकी उघडी असल्याची खात्री करायचे, आणि मगच मधुराला द्यायचे. कित्येक फ्लॉप्यांना बुरशी लागली होती. लोखंडी पडदा बाजूला केला की आतल्या तपकिरी चकतीवर पांढरे डाग दिसायचे. अशी फ्लॉपी घातली तर ड्राइव्हही खराब होतो आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे येतात. म्हणून कापसाच्या काडीने, स्पिरिट लावून, चकती थोडी-थोडी फिरवत ती साफ करायची. हे मला करायला लावलं. मी जोर दिला की ते टेबलावर टिचकी मारायचे.

त्या कीबोर्डची लिहायची पद्धतही त्याची स्वतःची होती. लॅपटॉपला ती सरळ कळत नव्हती. मधुराने शोधून-शोधून परदेशातल्या कुणा माणसाने फावल्या वेळात लिहिलेला एक छोटा प्रोग्राम मिळवला. त्याच्याकडेही हाच कीबोर्ड होता म्हणे. आधी फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल लॅपटॉपवर उतरवायची, मग त्या नकलेतून एक-एक गाणं वेगळं करायचं. एक फ्लॉपी वाचली जायची, दुसरी मध्येच अडकायची, मग तिची जुळी शोधायची. काही जोड्या दोन्ही गेलेल्या निघाल्या. तेव्हा पागनीसजी ती फ्लॉपी उलटी करून बाजूला ठेवायचे. हिवाळा असाच गेला. मधुराचं ऑफिस संपलं की हे सुरू. “काका, मला आता स्वप्नात पण कुर्रकुर्र ऐकू येते,” ती म्हणायची. तरी बसायची.

नावं वाचताना मात्र ती हसायची. कीबोर्डवर नावाला आठच इंग्रजी अक्षरं मिळायची. त्यामुळे गाण्यांची नावं अर्धवट, आणि मधेच पागनीसजींच्या स्वतःच्या धुनी. “बाबा, हे काय? थकलो-एक, थकलो-दोन, थकलो-तीन. हे ‘आजनको’. हे ‘चहाथंड’.” ऑर्केस्ट्राच्या गाण्यांमध्ये इतकं त्यांचं स्वतःचं भरलेलं आहे हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. स्टेजवर त्यांनी यातलं काही कधी वाजवलं नाही.

ऐकायचा दिवस आला. मधुराने ‘थकलो-एक’ चालू केलं आणि लॅपटॉपमधून जत्रेतल्या पिपाणीसारखा आवाज निघाला. सुमनवहिनींनी पदर तोंडाला लावला. मधुराचा चेहरा उतरला. “फ्लॉपीत आवाज नाहीच आहे, काका,” ती मला म्हणाली. “आवाज कीबोर्डमध्ये होता. यात फक्त एवढंच आहे की कुठली कळ, केव्हा, किती जोराने दाबली, आणि कधी सोडली.”

“माहिती आहे,” पागनीसजी म्हणाले. मग बराच वेळ घेऊन, एक-एक शब्द उचलून ठेवत, “आवाज नाही. बोटं आहेत.”

मधुराने दुसरा, बरा पियानोचा आवाज लावला आणि परत सुरू केलं. मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत होतो. तो हलला वगैरे नाही. जसा होता तसाच मांडीवर पडून होता, आणि ज्या काळात तो सगळं करू शकायचा त्या काळातला तोच हात समोर वाजत होता. सुमनवहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी त्या ते पहिल्यांदा ऐकत होत्या.

संपल्यावर आम्ही तिघं त्यांच्याकडे पाहायला लागलो.

“घाई,” ते म्हणाले. “बंद कर.”

मधुराला ते लागलं. ती लॅपटॉप मिटून आत गेली. महिनोन्महिन्यांची मेहनत, आणि हे एवढंच. पुढे कितीतरी दिवस पागनीसजींनी त्या टेबलाकडे पाहिलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मी बातम्या सांगायचो आणि परत यायचो. वहिनी एकदा फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, उगीच उकरलं का हो आपण हे?”

मग एका दुपारी मधुराचा फोन. “काका, बाबा बोलावून राहिलेत. लगेच या म्हणतात.”

गेलो तर पागनीसजी टेबलाशी. पुढे लॅपटॉप, डाव्या हातात माउस. पडद्यावर आडव्या रेघा आणि त्यांवर छोट्या-छोट्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी म्हणजे एक सूर. पट्टी सरकवली की सूर सरकतो, लांबवली की लांबतो. मधुराने हे त्यांना दाखवलं होतं की त्यांनी तिच्याकडून काढून घेतलं होतं, ते मला कळलं नाही. ते एक पट्टी धरून केसभर उजवीकडे नेत होते.

“ऑफिसला... जायचं असायचं,” ते मला म्हणाले. “डोकं तिथेच. सगळीकडे घाई. आता... वेळ आहे.”

त्या दिवसापासून ते दुरुस्तीला बसले. डावा हात माउसला सरावलेला नव्हता. पट्टी भलतीकडे जायची, ते परत आणायचे. एका बैठकीत एखादी ओळ व्हायची, कधी तीही नाही. घाम यायचा. जेवणाच्या टेबलावर ताटं मांडायची वेळ झाली की वहिनी म्हणायच्या, “उठा आता, टेबल द्या,” आणि ते म्हणायचे, “एक सूर.” ऐकता-ऐकता मलाही फरक कळायला लागला. पूर्वी जिथे धून धापा टाकत पुढच्या ओळीवर पोचायची, तिथे आता ती थोडी थांबायची, श्वास घ्यायची, मग जायची. मानपुरला त्यांनी जे केलं होतं तेच ते आता करत होते.

‘पहाट’ नावाची एक फाइल होती. मधुराने ती लावली तेव्हा मी तिथेच होतो. सुरुवातीला एक संथ धून. चांगली चालली होती. मग ती रेंगाळली आणि चार सूर एकदम दाबले गेले. आणि तसेच राहिले. पियानोचा आवाज विरून गेला, पण पडद्यावर चार पट्ट्या एकमेकींच्या डोक्यावर, उजवीकडे लांबच लांब चालल्या होत्या. संपेनातच.

“फाइल खराब झालीये,” मधुरा म्हणाली. “किंवा कीबोर्ड अडकला असेल.”

वहिनी आतून आल्या होत्या. त्यांनी पडदा निरखून पाहिला. मधुराने त्यांना पट्ट्यांचा अर्थ सांगितला: या चार कळा, आणि एवढा वेळ दाबून धरलेल्या. वहिनी एकदम हसायला लागल्या.

“अगं खराब कसली! झोपलेत ते. असेच झोपायचे कीबोर्डवर हात टाकून. टकटक थांबली की मी समजायचे. मग येऊन हात उचलायचे, उशी द्यायचे.”

पट्ट्या अखेर एका ठिकाणी संपल्या. चारही जवळजवळ एकाच वेळी. आणि त्यांच्यानंतर, पार वर, एकटी एक छोटी पट्टी. मधुराने ती वाजवली. एक बारीक, उंच सूर.

“हा मग कुणाचा?”

वहिनींनी हसू थांबवलं. “यांचा हात उचलताना माझी बांगडी किंवा बोट लागलं असेल,” त्या म्हणाल्या. “तो माझा.”

मग मधुराने नाक ओढलं आणि म्हणाली, “बाबा, धून चांगली आहे. हे पुढचं कापून टाकते, पुढे पूर्ण करा.” तिने माउस हातात घेतला.

पागनीसजींनी तिच्या मनगटावर डावा हात ठेवला.

“राहू दे,” ते म्हणाले. “हे... बरोबर आहे.”

ती एकच फाइल त्यांनी दुरुस्त केली नाही. बाकीच्या जेवढ्या निघाल्या तेवढ्या त्यांनी पुरत्या वर्षभर बसून नीट केल्या. मधुराने त्यांच्या नकला केल्या. एक इथे, एक तिच्या पुण्याच्या मैत्रिणीकडे, एक माझ्या मोबाइलमध्ये. नावं तीच ठेवली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सकाळी फिरायला निघालो तेव्हा. त्यानंतरच्या आठवड्यात मी मुलाकडे भोपाळला गेलो होतो, तिथेच मधुराचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली.

त्या सकाळी गल्लीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली होती, आणि पागनीसजी काठी बगलेत धरून, फाटकाला टेकून उभे होते. हातात कापडी पिशवी. गाडीबरोबरची बाई नेहमीची होती. ओला, सुका बघून घेणारी, चुकलं तर चार शब्द सुनावणारी. तिने पिशवीत डोकावून पाहिलं. सगळ्या फ्लॉप्या त्यात होत्या.

“बाबूजी, ये किसमें जाएगा? प्लास्टिक है?”

“कम्प्युटर का है,” मी मध्ये बोललो.

“तो इधर,” ती म्हणाली आणि ई-कचऱ्याचा कप्पा उघडला. मग हातातली पिशवी जरा थांबवून तिने त्यांच्याकडे पाहिलं. “अंदर कुछ हो तो निकाल लो, बाबूजी. बाद में मत बोलना.”

पागनीसजींनी जीभ जुळवली. दोन्ही शब्द पुरते आले.

“निकाल लिया.”

तिने पिशवी उलटी केली. फ्लॉप्या पत्त्यांसारख्या एकमेकींवरून घसरत गेल्या. रिकामी पिशवी तिने फाटकावर टाकली आणि गाडी पुढच्या घराकडे गेली. ऊन वर येत होतं. मी म्हटलं, “चला, आत सोडतो.” त्यांनी मान हलवून मला जायला सांगितलं.

वळणावर मी मागे पाहिलं. ते फाटकावर पिशवी पसरून, एका हाताने तिची घडी घालत होते. घडी वाकडी झाली असावी, कारण त्यांनी ती उलगडली, तळव्याने सुरकुत्या सारख्या केल्या, आणि पहिल्यापासून परत घालायला घेतली.